शिनोळी नाक्याअलीकडचा काजू: एका कारखान्याची पंचवीस वर्षं

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की हिंडलगा, सुळगा, उचगावचा फाटा, तुरमुरी अशी गावं मागे पडतात आणि बाचीनंतर राज्य बदलतं. पलीकडे शिनोळी, तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर. पाट्या बदलतात, बसचा रंग बदलतो. लाल माती, घरातली मराठी आणि बांधावरची काजूची झाडं मात्र तीच. नाक्याच्या अलीकडे, म्हणजे कर्नाटकात, माझ्या चुलतवहिनींचा काजू कारखाना आहे. कारखाना हा शब्द जरा मोठाच झाला. पत्र्याच्या दोन शेड, एक बॉयलर, एक ड्रायर आणि कामाला तीसेक बायका. मी कॉलेजात वाणिज्य शिकवतो. १९९९ साली कारखाना सुरू झाला तेव्हापासून दर रविवारी त्याच्या वह्या माझ्यासमोर असतात.

'जागतिकीकरण आणि विकसनशील देशांची आर्थिक वाढ' हा धडा मी अनेक वर्षं शिकवतो. पुस्तकात एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे. मुलं दोन्ही पाठ करतात आणि पेपरात ओततात. मला त्या धड्याचा अर्थ पुस्तकापेक्षा वहिनींच्या वह्यांतून जास्त कळला, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवतो आहे. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

रताळी आणि काजू

सुरुवातीला सगळा माल गावठी. फेब्रुवारीअखेरीस बी यायला लागायची, वळिवाचा पाऊस पडला की संपायची. चंदगड, खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांतून पोती यायची. वर्षभर कारखाना चालवायचा तर वर्षाची बी तीन महिन्यांत रोखीनं घेऊन ठेवायला हवी. तेवढा पैसा वहिनींकडे नव्हता आणि बँक जेवढं द्यायची त्यात गणपतीपर्यंतचाच माल बसायचा. गणपती उठले की शेडमध्ये शुकशुकाट. बायका रताळी काढायला किंवा भाताच्या कापणीला जायच्या.

याचा एक परिणाम ताळेबंदात दिसत नाही. काजू फोडायला हात बसावा लागतो. वाफवून गार झालेली बी हातकटरच्या पात्यांत आडवी धरायची, पायानं पायंडळ दाबायचं, कवच दोन भागांत उघडायचं आणि आतला गर अख्खा बाहेर काढायचा. जोर जास्त पडला तर गराची फाडी होते, कमी पडला तर कवच उघडत नाही. अख्ख्या गराला जो भाव येतो तो तुकड्याला येत नाही. नव्या बाईचा हात बसायला एक हंगाम जायचा, आणि हात बसला की हंगाम संपायचा. पुढच्या वर्षी त्यातल्या निम्म्याच परत यायच्या. वहिनी दर वर्षी पहिलीचा वर्ग भरवायच्या, दुसरीपर्यंत कुणी पोचायचंच नाही.

आफ्रिकेचं पोतं

२००३ च्या दिवाळीनंतर मंगळूरच्या एका व्यापाऱ्यामार्फत पहिली आयात पोती आली. तागाची, ८० किलोची. त्यावर इंग्रजीत टांझानिया छापलेलं. एका बाईनं मला विचारलं, "सर, हे गाव कुठं आलं?" मी नकाशा दाखवला. समुद्र बघून ती म्हणाली, "आणि एवढ्या लांबनं येऊन आमच्याकडंच फोडायला? तिकडं बाया न्हाईत होय?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षं राहिला. त्याच्याकडे पुढे येतो.

आयात बीचा मोठा गुण तिच्या वेळापत्रकात आहे. आपला हंगाम उन्हाळ्याचा. आयव्हरी कोस्ट, बेनिन या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांचाही साधारण तेव्हाच, फेब्रुवारी ते जून. टांझानिया आणि मोझांबिक विषुववृत्ताच्या खाली, त्यांचा हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी. म्हणजे आपली पोती संपतात तेव्हा तिकडची निघतात. शिवाय लागेल तशी, महिन्या-दोन महिन्यांची खरेदी करता येते. भांडवलाची जी गाठ बँकेला सुटत नव्हती ती टांझानियाच्या पावसापाण्यानं सोडवली. २००५ पासून कारखाना बारा महिने चालू लागला. हात बसलेल्या बायका टिकल्या आणि अख्ख्या गराचं प्रमाण दर वर्षी वहीत थोडं थोडं वर सरकलेलं दिसू लागलं.

त्या काळात गावात काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. बचतगटाचे हप्ते थकायचे बंद झाले. कौलं उतरून स्लॅब पडले. मुलींनी बेळगावला कॉलेजात जायला बसचे पास काढले, त्यातल्या दोघी माझ्याच वर्गात होत्या. जागतिकीकरणाला सरसकट शिव्या घालणारं भाषण ऐकलं की मला ते पास आठवतात.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि तीही त्याच घरातली. वहिनींच्या धाकट्या दिरांची काजूची बाग आहे, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींची. पूर्वी हंगामात कारखानदार त्यांच्या दारात यायचे. गोदामात आफ्रिकेचा माल असला की कुणी घाई करत नाही. जेवताना ते एकदा म्हणाले, "वैनी, तुमच्या टांझानियानं माझा भाव पाडला." वहिनींनी भात वाढला आणि म्हणाल्या, "तुमचीच बी घेतली तर बायकांना सहा महिने काम. मग उरलेले सहा महिने तुम्ही पोसणार का?" दोघंही खरं बोलत होते. पुढे महाराष्ट्र सरकारनं २०२४ च्या हंगामासाठी काजू बीला किलोमागे १० रुपये अनुदान जाहीर केलं. आमचे दीरभाऊ नाक्याच्या अलीकडचे, त्यांना ते लागू नाही. बांधाला बांध लागून असलेल्या शिनोळीच्या शेतकऱ्याला लागू. सीमाभागात राहायचं तर अशा गोष्टींवर हसायची सवय करून घ्यावी लागते.

एका पोत्याचा हिशेब

बीचा भाव 'आउटटर्न'वर ठरतो, आणि हे समजल्याशिवाय या धंद्यात कोण कुणाच्या जिवावर कमावतो ते कळत नाही. पोत्यांना टोचा मारून नमुना काढायचा, त्यातली एक किलो बी मोजायची. आफ्रिकेची बी बारीक, किलोत १८० ते २०० बसतात. सगळ्या फोडायच्या. चांगला गर एकीकडे, डागी दुसरीकडे, कुजका तिसरीकडे. चांगला गर पूर्ण धरायचा, डागी निम्मा. समजा सालीसकट २७० ग्रॅम भरला, तर ८० किलोच्या पोत्याला २१ किलो ६०० ग्रॅम, म्हणजे साडेसत्तेचाळीस पौंडांच्या वर. हा झाला त्या मालाचा आउटटर्न. आपण किलोत जगतो, पण हा आकडा जगभर पौंडातच बोलला जातो.

एका वर्षी वहिनींनी ४८ च्या बोलीवर दोनशे पोती घेतली. नमुना व्यापाऱ्याच्या गोदामात काढला होता. माल शेडमध्ये आल्यावर पुन्हा फोडून पाहिला तर ४४. ओली बी भरलेली, समुद्रात दोन महिने बंद कंटेनरमध्ये घामेजलेली. चार पौंड म्हणजे पोत्यामागे एक किलो आठशे ग्रॅम, दोनशे पोत्यांना साडेतीनशे किलोंच्या वर गर गायब. किलोला सहाशे धरले तरी दोन लाखांच्या पुढे. व्यापारी म्हणाला, जहाजात झालं. जहाजवाला आमच्या ओळखीचा नव्हता. पैसे गेले ते वहिनींचे, आणि त्या वर्षीचा दिवाळीचा बोनस निम्मा झाला. जगाच्या बाजारात उतरलं की लांबच्या चुकीचं बिल सगळ्यात जवळच्या माणसाच्या हातात पडतं.

तिकडं बाया न्हाईत होय?

होत्या. फार होत्या.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जगात सगळ्यात जास्त काजू मोझांबिकमध्ये पिकायचा आणि तिथं प्रक्रियेचे मोठे कारखाने होते. १९७५ ला स्वातंत्र्य, मग १९९२ पर्यंत यादवी युद्ध. झाडं म्हातारी झाली, कारखाने मोडकळीला आले. कच्ची बी बाहेर जाऊ नये म्हणून आधी बंदी आणि मग निर्यात कर होता. १९९० च्या दशकाच्या मध्यात जागतिक बँकेनं सांगितलं की हा कर उतरवा. युक्तिवाद पुस्तकी दृष्टीनं बिनचूक होता: कर उतरला की शेतकऱ्याला जगाचा भाव मिळेल, आणि अकार्यक्षम कारखाने जगवण्याचा भार त्याच्या डोक्यावरून जाईल. कर उतरला. कच्ची बी जहाजात चढली आणि तिचं मुख्य गिऱ्हाईक एकच देश होता, भारत. आपल्याकडे हातानं फोडणारी बाई तिथल्या यंत्रापेक्षा स्वस्त पडायची आणि गर अख्खा काढायची. २००१ पर्यंत मोझांबिकचे बहुतेक मोठे कारखाने बंद पडले आणि हजारो कामगार घरी बसले.

मार्गारेट मॅकमिलन, डॅनी रॉड्रिक आणि कॅरन हॉर्न वेल्च या तीन अर्थतज्ज्ञांनी २००२ साली याचा हिशेब मांडला. काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाला या सुधारणेतून वर्षाला मिळाले ५ डॉलर ३० सेंट. भारत हा जवळपास एकटा खरेदीदार, मधे व्यापाऱ्यांची साखळी, त्यामुळे वाढीव भावातला मोठा भाग वाटेतच जिरला. शहरातल्या बेकारीनं उरलेला फायदाही बहुतेक खाऊन टाकला. मग त्या देशानं निर्यात कर कायद्यानं परत वाढवून १८ ते २२ टक्क्यांवर नेला, आणि ग्रामीण भागात छोटे कारखाने पुन्हा उभे राहू लागले.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वहिनींची १९९९ ची वही उघडून बसलो होतो. मोझांबिकच्या नांपुला प्रांतातले कारखाने बंद पडत होते त्याच सुमारास आमच्याकडे पहिला बॉयलर पेटत होता. वहिनींनी कुणाचं काम हिसकावलं असं मी म्हणत नाही. त्या वर्षी त्यांच्याकडे चंदगडचीच बी होती. पण भारतातला काजू धंदा ज्या लाटेवर वाढला, ती दुसऱ्या किनाऱ्यावरून ओसरली होती.

इथं मुलांना मी एक गोष्ट सांगतो. जेफ्री सॅक्स आणि अँड्र्यू वॉर्नर या अर्थतज्ज्ञांनी १९९५ साली दाखवलं की १९७० ते १९८९ या काळात व्यापाराला खुल्या असलेल्या विकसनशील देशांची वाढ वर्षाला ४.४९ टक्के होती आणि बंद देशांची ०.६९. आकडा इतका ठसठशीत की तो वर्षानुवर्षं सगळीकडे फिरला. मग फ्रान्सिस्को रॉड्रिगेझ आणि रॉड्रिक यांनी त्याची बी फोडून पाहिली. 'खुला' कुणाला म्हणायचं यासाठी पाच कसोट्या लावल्या होत्या. त्यातल्या दोनच सगळा भार उचलत होत्या: परकीय चलनाचा काळा बाजार आणि निर्यातीवरची सरकारी मक्तेदारी. जकातीचा त्यात फारसा हात नव्हता. म्हणजे मोजलं जात होतं ते बरंचसं राज्यकारभाराचं आणि आफ्रिकेच्या दुर्दैवाचं, आणि वर लेबल होतं खुल्या व्यापाराचं. नमुना गोदामात काढलेला, माल शेडमध्ये वेगळा.

व्हिएतनामचा गर

साधारण २०१० नंतर वहिनींच्या बोलण्यात व्हिएतनाम यायला लागला. त्या देशानं काजू निर्यातीत २००६ च्या सुमारास भारताला मागे टाकलं होतं. त्यांच्याकडेही बरीचशी बी आफ्रिकेची, आपण घेतो त्याच बाजारातून घेतलेली. फरक यंत्राचा. त्यांनी फोडणं, सोलणं, रंगावरून निवडणं ही सगळी कामं यंत्रावर नेली, आणि मुख्य म्हणजे ती यंत्रं स्वतः बनवली. आज ती यंत्रं ते आफ्रिकेला विकतात, म्हणजे बी घेणाराही तेच आणि फोडायचं यंत्र देणाराही तेच.

आपला बाजार टिकला तो आपण काजू खाणारे झालो म्हणून. कतली, ग्रेव्ही, लग्नातली पाकिटं. निर्यातीत मागे पडलेला भारत खाण्यात पहिला आहे. सरकारनंही हात दिला. २०१८ च्या अर्थसंकल्पात कच्च्या बीवरचं आयात शुल्क ५ वरून अडीच टक्क्यांवर आलं. २०१९ च्या जूनमध्ये बाहेरून येणाऱ्या गराची किमान किंमत वाढवली, अख्ख्याला किलोला ७२० आणि तुकड्याला ६८० रुपये. कच्ची बी आत यावी, तयार गर येऊ नये, असं हे दार. मोझांबिकला जे करू नका म्हणून सांगितलं होतं त्याचंच हे सख्खं भावंड.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली ती ऐन हंगामाच्या तोंडावर. आफ्रिकेची पोती गोदामात होती, ती फोडता येत होती. शिनोळीची बी मात्र नाक्यावर अडली. सात समुद्र ओलांडून आलेलं पोतं आत आणि चार किलोमीटरवरचं बाहेर. दीरभाऊंच्या एका नातेवाइकाची सात पोती शेतातल्या खोपीत उंदरांनी खाल्ली.

आता वह्यांबद्दल. २००५ ते २०२० या काळात वहिनींची उलाढाल कितीतरी पटीनं वाढली. मी ती आकडेवारी मोठ्या अभिमानानं मांडून दाखवली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे सगळं बरोबर. पण शंभराच्या विक्रीतले पाऊणशेच्या वर तेव्हाही बीलाच जायचे आणि आताही जातात. माझ्याकडं काय वाढलं?" मी गप्प बसलो. पंधरा वर्षं मी जो भेद फळ्यावर नीट समजावून देऊ शकलो नव्हतो, तो त्यांनी एका वाक्यात सांगितला होता. दार उघडलं की माणूस एक पायरी वर चढतो, सहा महिन्यांचं काम बारा महिन्यांचं होतं. ती चढण खरी असते आणि एकदाच होते. पुढची पायरी दार उघडल्यानं येत नाही. ती येण्यासाठी फोडणाऱ्याला काहीतरी नवं यावं लागतं, जे मागच्या वर्षी येत नव्हतं. हात बसणं हे त्यातलं पहिलं शिक्षण, पण त्यालाही मर्यादा असते. कितीही बसलेला हात दिवसाला ठरावीकच किलो फोडतो, आणि कवचातल्या तेलानं काळा पडतो तो वेगळाच. हातमोजे घातले तर बोटांना बी कळत नाही, म्हणून बायका एरंडेल चोपडून बसतात. लग्नाच्या वेळी मेंदी रंगत नाही अशी तक्रार मी स्वतः ऐकली आहे.

पातं

२०२२ साली वहिनींच्या मुलानं व्हिएतनामी बनावटीचं कटिंग मशीन आणलं, तेही सेकंडहँड. आफ्रिकेच्या बीवर ते छान चाललं. गावठी बी घातली की चुरा. वेंगुर्ल्याच्या जातींची बी ठसठशीत, त्यातही वेंगुर्ला-७ ची फारच, आणि मशीनच्या वाट्या बारीक बीच्या मापाच्या. विकणाऱ्याचं म्हणणं पडलं की मशीनला चालेल तीच बी घ्या. म्हणजे दीरभाऊंच्या बागेला आता भावानं नाही, तर मापानं बाहेर काढायची वेळ आली.

मुलानं वाटी आणि पात्याची जोडी काढली, पिशवीत घातली आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फिटरकडे गेला. त्या वसाहतीत ओतकाम आणि लेथ यांची कमी नाही. बेळगावात ही सवय जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच गावात सायकलींचं दुकान काढलं. आधी परदेशी सायकली विकल्या, मग दुरुस्त केल्या, मग स्वतःचे कडबा कापायचे अडकित्ते आणि लोखंडी नांगर बनवले. नगरपालिकेला वस्तीसाठी जागा हवी झाली म्हणून त्यांना ठळकवाडीतून उठावं लागलं आणि १९१० ला किर्लोस्करवाडी झाली. विकणं, दुरुस्त करणं, बनवणं. हा क्रम मी आता फळ्यावर लिहितो.

फिटरनं आधी मशीन पाहायला मागितलं. रविवारी आला, दोन तास बाकावर बसून नुसता बघत राहिला. मग कटिंगला बसणाऱ्या सगळ्यात जुन्या बाईला म्हणाला, "मावशी, तुमी हातानं फोडताना बी कशी धरता ते दाखवा." तिनं दाखवलं. जाड बी ती जराशी कलती धरते, पोटाकडची बाजू खाली. वीस वर्षं ती तशी धरत होती आणि कुणी विचारलं नव्हतं. त्यानं बिडाची नवी वाटी ओतून घेतली, तिला तेवढा कल दिला, आणि पात्यांच्या मधलं अंतर पत्र्याच्या पट्ट्या घालून कमी-जास्त करता येईल असं केलं. पहिली वाटी फुकट गेली, दुसरीही. तिसरीला गावठी बीचा गर अख्खा पडायला लागला. सगळा नाही, पण हातकटरच्या जवळपास.

मशीनमुळे कटिंगच्या काही बायका सोलण्यावर आणि निवडण्यावर गेल्या. दोघींनी काम सोडलं. सोलण्याचा दर कमी, म्हणून कुरकुर आहे आणि ती रास्त आहे. कल दाखवणारी मावशी आता मशीनवर बसते. तिचा पगार वाढवून घ्यायला मला मधे पडावं लागलं, वहिनी एवढ्या सहज ऐकणाऱ्यांतल्या नाहीत.

गेल्या हंगामात शिनोळीच्या एका कारखानदाराचा फोन आला. त्याच्याकडेही तसंच मशीन, तोच चुरा. त्याला चार वाट्या आणि पट्ट्यांचा संच हवा होता. वहिनींनी फिटरला विचारलं, फिटरनं मुलाला विचारलं आणि मुलानं मला फोन केला, कारण बिल कुठल्या नावानं करायचं हे कुणालाच ठरवता येईना. कारखान्याच्या बिलबुकात फक्त काजूगर, फाडी, तुकडा आणि टरफल एवढेच रकाने छापलेले आहेत. मी म्हणालो, खाली कोरी ओळ असेल तिथं हातानं लिही.